कापलेले सायलेन्सर आणि आपला आवाज

एप्रिल उजाडला की आमच्या वस्तीत दोन कामं एकदम सुरू होतात. विहाराला रंग लागतो आणि विहारामागच्या बोळात ग्राइंडर किंचाळायला लागतो. १४ एप्रिलच्या रॅलीसाठी गाड्या ‘तयार’ होत असतात. तयार होणं म्हणजे काय, तर सायलेन्सर उतरवायचा, टोक कापायचं, आतली जाळी आणि पडदे उपटायचे आणि मोकळी नळी वेल्डिंग मारून परत बसवायची. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो बाजारातून इंदोरी किंवा पंजाबी सायलेन्सर आणतो, ज्याच्याकडे नाहीत तो घरच्या ओट्यावर कापतो. आमच्यातल्या काहींनीही विशीत हे केलेलं आहे. त्यामुळे उपदेशाचा अधिकार आम्हाला नाही. वाद घालण्याचा मात्र आहे.

या पोरांना थांबवायला गेलं की एकच प्रश्न येतो. “दादा, त्यांच्या मिरवणुकीत रात्रभर डीजे चालतो. आपल्याच गाडीचा आवाज का टोचतो?”

प्रश्न खोटा नाही. या देशात कोणाचा आवाज उत्सव आणि कोणाचा आवाज उपद्रव, हे डेसिबल मोजून ठरत नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि एका तरुणाचा खून झाला. एका रिंगटोनचा आवाज तो किती!

वाहनाचंही तसंच. १९०१ साली वडिलांकडे निघालेला छोटा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, पण पोरांनी स्वतः बैल हाकायचे या अटीवर. पुढे १९२९ साली, परदेशातून पदव्या घेऊन आलेल्या, सरकारी समितीच्या कामावर असलेल्या त्याच माणसाला चाळीसगावात टांगेवाल्याने नेण्यास नकार दिला. महारवाड्यातल्या लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला टांग्याची सवय नव्हती. टांगा पुलावर उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला आपल्या पोराच्या बुडाखाली स्वतःची गाडी पाहून काय वाटतं, हे वेगळं सांगायला नको. हप्त्यावर का होईना, ती त्याची आहे. ती गाजवावीशी वाटते, यात आम्हाला गुन्हा दिसत नाही.

आमचा प्रश्न पुढचा आहे. हा आवाज ऐकतं कोण?

ज्यांना ऐकवायचा ते बंद खिडकीच्या आत, चौथ्या मजल्यावर एसी लावून बसलेले असतात. रॅली त्यांच्या रस्त्यावरून दहा मिनिटांत निघून जाते. त्याआधीचे आठ दिवस आणि त्यानंतरचं वर्षभर ती गाडी आपल्याच बोळात चालू-बंद होते. आपल्या भिंती पत्र्याच्या आणि एका विटेच्या. एका भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेली आया झोपलेली असते, दुसऱ्या भिंतीपलीकडे ओली बाळंतीण. वर्गणी काढून उभ्या केलेल्या अभ्यासिकेत मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यातल्या एकीने गेल्या वर्षी आम्हाला विचारलं, “जयंती आमचीपण आहे ना?” तेव्हा आम्ही मान खाली घातली.

आता गाडीचं बघू, कारण ‘पिकअप वाढतो’ हा समज फार घट्ट आहे. सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नसते. आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून सुटलेल्या आवाजाच्या लाटा तिथे आपटून, उलटून एकमेकींना मारतात. कंपनीने कार्बोरेटरचं किंवा इंजेक्शनचं माप याच रचनेशी जुळवलेलं असतं. आतलं सामान काढलं की ते माप चुकतं. जुनी कार्बोरेटरची गाडी पेट्रोल कमी, हवा जास्त अशी चालायला लागते, तापते, अॅक्सिलरेटर सोडला की फटफट करते आणि खालच्या गिअरमध्ये ओढ कमी होते. कानाला मोठं लागतं म्हणून मनाला वेगवान वाटतं, एवढंच. चावी बंद-चालू करून जो ‘फटाका’ फोडतात, ते न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेट घेत असतं. म्हणजे लीटरला शंभराच्या वर मोजलेला पैसा रस्त्यावर जाळायचा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी वायू कमी करायला त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महागडे धातू वापरतात. पोरगं तो काढून कोपऱ्यात टाकतं आणि भंगारवाला लोखंडाच्या भावाने उचलून नेतो. गाडीच्या मीटरवर इंजिनाचा दिवा पेटतो, पीयूसी अडते, वॉरंटीवर पाणी पडतं. आणि ते काम होतं कसं? डोळ्यांना चष्मा नाही, शेजारी पेट्रोलची टाकी, ग्राइंडरच्या ठिणग्या, जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम झाल्यावर चाचणी म्हणून बंद खोलीत गाडी रेस करणारेही आम्ही पाहिले आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बाबांनो.

कायदा थोडक्यात. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला ८० डेसिबलची मर्यादा, ८० ते १७५ सीसीला ७७. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाचं मानक मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

पण दंड भरून सुटता येतं. खरा धोका दंडाच्या पुढे आहे. आमच्या वस्तीतला एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला मैदानावर, रात्री अभ्यासिकेत. रॅलीच्या आदल्या दिवशी नाक्यावर गाडी अडवली, सायलेन्सर उतरव म्हणाले. पोरगा म्हणाला, कालच्या मिरवणुकीतल्या गाड्या का नाही अडवल्या? त्याचं म्हणणं बरोबर होतं. शब्दाला शब्द वाढला, कोणीतरी कॉलर धरली आणि संध्याकाळपर्यंत सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला. आता भरतीच्या फॉर्ममध्ये ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय’ या रकान्यात त्याला ‘होय’ लिहावं लागतं. ज्यांच्या काकाची फौजदाराशी ओळख असते त्यांची पोरं अशा वेळी चहा पिऊन सुटतात. आपल्या पोरांना काका नाहीत. पक्षपाताविरुद्ध लढायचं तर नाक्यावर हात मोकळे हवेत, आणि कापलेला सायलेन्सर आपल्या हाताने समोरच्याला निमित्त देतो. मग आपण पक्षपाताबद्दल बोलतो आणि तो कलम दाखवतो.

हे लिहिताना एक गोष्ट मनाला लागते. ओट्यावर बसून, कोणी न शिकवता, ज्याने सायलेन्सर उघडला आणि परत जोडला, त्याच्या हातात कसब आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. तिथली मजुरी जास्त, म्हणून १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. हात होते, दार बंद होतं. आज आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे, सेन्सर आणि इंजेक्शन वाचणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये मागणी आहे. आणि आपला हुशार पोरगा काय करतो, तर चालणारी वस्तू बिघडवतो.

यंदा रॅली निघणार, निळे झेंडे लागणार, घोषणा घशातून येणार. त्याआधीच्या रविवारी सकाळी नऊला विहाराच्या अंगणात पाने-पक्कड घेऊन या. ज्यांनी कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर ठेवला असेल त्यांनी तो आणा, तिथेच बसवून देऊ. गंजून भोक पडलेल्या जुन्या गाड्याही आणा, गॅस्केटचा खर्च मंडळ करेल. भरतीवाला तो पोरगा मदतीला येणार आहे. कोर्टाची तारीख सोमवारी आहे, म्हणून त्याला रविवार मोकळा मिळाला.

जय भीम.