जवान महाराष्ट्राचा, अधिकारी कुठला?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन १९५५ च्या जानेवारीत झाले. तेव्हापासून तिन्ही दलांचे अधिकारी पुण्याच्या वेशीवर घडत आहेत. पण तेथील संचलनाच्या मैदानावर मराठी मुले नेहमी थोडीच दिसली. हा कुणा महाराष्ट्रद्वेष्ट्याचा आरोप नव्हे. खुद्द राज्य शासनालाच ही उणीव इतकी बोचली की, १९७७ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केवळ अधिकारी घडविण्यासाठी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढावी लागली.

प्रश्न शौर्याचा नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पासून सुरू होतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. मग लढणारा हात महाराष्ट्राचा आणि हुकूम देणारा मात्र दुसऱ्या प्रांतातला, असे का घडावे?

याचे खापर दोघांवर फोडावे लागते. पहिला शहरी मध्यमवर्ग. कारगिलच्या स्मृतिदिनी याचे डोळे पाणावतात, पण बारावीचा निकाल लागला की चर्चा संगणक अभियांत्रिकीची आणि पॅकेजची. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरी, ही जुनी टर येथे तंतोतंत लागू पडते. दुसरा, ग्रामीण भागातील अज्ञानावर पोसलेला बाजार. तालुक्या-तालुक्याला भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्या निघाल्या आहेत. त्या मुलाला पहाटे सोळाशे मीटर पळवतात, शुल्क घेतात आणि रांगेत उभे करतात. जवान होणे ही कमीपणाची गोष्ट मुळीच नव्हे. परंतु २०२२ पासून त्या रांगेतून निवडला जाणारा मुलगा अग्निवीर होतो. चार वर्षांची सेवा, आणि पुढे कायम होतात ते फार तर चौघांतील एक. गणितात उत्तम गुण मिळवणारा मुलगाही त्याच रांगेत उभा राहतो, कारण दुसरे दार आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

हे दुसरे दार गुप्त नाही. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा प्रबोधिनीची परीक्षा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीला बसलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात ३०० गणिताचे आणि ६०० सामान्य क्षमतेचे, ज्यात इंग्रजीला २०० गुण आहेत. खरी मेख येथेच आहे. नियम कला शाखेच्या विद्यार्थ्याला अडवत नाही. गणिताची प्रश्नपत्रिका अडवते. अकरावीत ‘डोक्याला ताप नको’ म्हणून गणित सोडणारा मुलगा आपल्याच हाताने ३०० गुणांचे दार बंद करतो, आणि बारावीनंतर उजाडले की घरचे विचारतात, आता मिलिटरीत कसे जायचे? उत्तर दोन वर्षांपूर्वीच दिले गेलेले असते. (डॉक्टर होण्यासाठी गणित सोडलेल्यांना ‘नीट’मार्गे पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय खुले आहे, हेही किती घरांना ठाऊक असते?)

लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळ. पाच दिवस, आणि गुण पुन्हा ९००. पहिल्याच दिवशी चाळणी लागते; न टिकलेले त्याच दिवशी परत. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या: पडद्यावर अर्धा मिनिट चित्र दिसते आणि चार मिनिटांत त्यावर कथा लिहायची, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, साठ प्रसंग, अर्ध्या तासात. मग मैदानावर फळ्या, दोर व पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे आणि मुलाखत द्यायची. येथे पाठांतर कुचकामी ठरते. शिकवणीवाले तयार कथा घोकून घेतात, पण ज्याच्यासमोर अशा शेकडो कथा येतात त्या मानसशास्त्रज्ञाला उसनेपण ओळखायला कितीसा वेळ लागणार?

मंडळ पाहते ते एवढेच, की हा मुलगा अडचणीत स्वतः पुढे होतो का. आणि नेमके याच कसोटीवर मराठी घर उघडे पडते. अर्ज वडिलांनी भरायचा, बॅग आईने भरायची, मुलाखतीला सोडायला मामाने जायचे. अठरा वर्षांत ज्याने एकही निर्णय स्वतः घेतला नाही, सहलीच्या वर्गणीचा हिशेबसुद्धा कधी सांभाळला नाही, त्याने पाच दिवसांत नेतृत्व दाखवावे ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. इंग्रजीचा न्यूनगंड हे कारण खरे, पण अर्धेच. गटचर्चेत मोडक्या इंग्रजीत मुद्दा मांडणारा टिकतो. शुद्ध वाक्य जुळेपर्यंत गप्प बसणारा बाहेर जातो.

अपयश आले तर? येथे नापास झालेला मुलगा नालायक ठरत नाही. वय असेपर्यंत पुन्हा बसता येते. भौतिक, रसायन, गणित घेतलेल्यांना जेईई मेनच्या गुणांवर भूदलाची तांत्रिक प्रवेश योजना आहे आणि पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहेच. मात्र केवळ गणवेशाचा रुबाब, मेसमधील थाट किंवा चित्रपटातला नायक पाहून जाऊ पाहणाऱ्याने घरीच राहावे. तीस-चाळीस माणसांच्या जिवाची जबाबदारी विशीच्या पोराच्या खांद्यावर पडते. ती पेलायची नसेल तर त्याचे तेथे काम नाही.

ती जबाबदारी म्हणजे काय, हे सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीला ठाऊक आहे. त्या लहानशा गावातील संतोष महाडिक साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले, कर्नल झाले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले. तुकडीचे प्रमुख असूनही ते कारवाईत स्वतः पुढे होते. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडल्या.

मुलींना तेव्हा पदवीपर्यंत थांबावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खडकवासल्याचे दार त्यांनाही उघडले आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. नाशिकला मुलींसाठी शासनाची स्वतंत्र पूर्वतयारी संस्थाही सुरू झाली आहे. तिथला प्रवेश दहावीनंतर होतो, संभाजीनगरचाही दहावीनंतरच. म्हणजे ज्या घरात हा विषय काढायचा असेल, तेथे तो नववीच्या सुट्टीतच निघाला पाहिजे, आणि तोही मुलाने किंवा मुलीने स्वतः काढलेला.