पंडिताचा बोका

मांजर पाळण्याची हौस एकाची आणि त्याची उस्तवार मात्र गड्याच्या माथीं, हा प्रकार आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. या बाबतींत लंडन शहरांतील एक खरी हकीकत स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. १७५५ सालीं इंग्रजी भाषेचा सुप्रसिद्ध कोश प्रकाशित करणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं पुढें हॉज नांवाचा बोका पाळिला होता. त्याच्यासाठीं कालवें आणण्यास डॉक्टरसाहेब स्वतः बाहेर पडत. हें काम चाकरांवर पडल्यास ते त्या मुक्या जीवाचा राग करूं लागतील, अशी त्यांस धास्ती वाटे! ही हकीकत त्यांचे चरित्रकार बॉस्वेल यांनीं १७९१ सालीं प्रसिद्ध केली. आणि बॉस्वेल यांस तर मांजर खोलींत असलेलेंही सोसत नसे.

जॉन्सन यांच्या गफ स्क्वेअरमधील जुन्या घरासमोर १९९७ सालीं हॉजचा पुतळा उभारण्यांत आला. बोका कोशावर बसला असून जवळच कालवांचे रिकामे शिंपले आहेत. आमच्या मतें खरा बोध त्या शिंपल्यांतच आहे. घरांतील मुक्या प्राण्यावर सर्वांची माया राहावी असें वाटत असेल, तर त्याच्या दुधाची वाटी आपण स्वतः विसळावी.