मोटिव्हेशनची पुस्तकं जरा बाजूला ठेवा, आधी एका शिंप्याची गोष्ट वाचा



आपल्या चॅनेलवर सगळ्यात जास्त काय बघितलं जातं माहीत आहे? ‘दहा मिनिटांत अमुक पुस्तक’ हे व्हिडिओ. ते मीच बनवतो, त्यामुळे आज जे सांगणार आहे ते माझ्याच पोटावर पाय देणारं आहे. तरी सांगतो. धंदा सुरू करायचा असेल तर नुसत्या सारांशांवर भागवू नका. कादंबऱ्या वाचा, आत्मचरित्रं वाचा, वाचणं जमत नसेल तर ऐका. पण पूर्ण.

का, ते माझ्याच अनुभवातून सांगतो. वाळूजला माझं खोक्यांचं छोटं युनिट होतं. तेव्हा कपाटात ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाची चाळीसेक पुस्तकं होती. सगळी एकच सांगायची, मोठं स्वप्न बघा. मी बघितलं. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर घेतली, ९० दिवसांच्या उधारीवर. कागदवाल्याला मात्र मला १५ दिवसांत पैसे द्यायचे होते. ऑर्डर वाढत गेली तसा मी बुडत गेलो. वहीत नफा, खात्यात शून्य. आठव्या महिन्यात मशीन विकलं. बायको तिसऱ्या महिन्यापासून सांगत होती, “एकाच गिऱ्हाइकावर एवढं विसंबू नका.” मी म्हणायचो, तुला धंद्यातलं काय कळतं?

रिकामा बसलो असताना फिल नाईट यांचं ‘शू डॉग’ वाचलं. नायकी कंपनी उभी करणाऱ्या माणसाचं हे आत्मकथन २०१६ मध्ये आलं, मराठीतही मिळतं. १९६२ ते १९८० अशी एकेका वर्षाची गोष्ट आहे. सुरुवातीला हा माणूस गाडीच्या डिकीत बूट भरून धावण्याच्या मैदानांवर विकायचा. कित्येक वर्षं त्याने आधी हिशेबनीसाची आणि मग कॉलेजात शिकवायची नोकरी सोडली नव्हती. विक्री दरवर्षी वाढायची आणि तरी हातात पैसा नसायचा. १९७५ मध्ये तर बँकेने हात वर केले आणि एका जपानी ट्रेडिंग कंपनीने वाचवलं. ते प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. माझीच गोष्ट होती, फक्त आकडे मोठे. दहा मिनिटांच्या सारांशात यातलं ‘हार मानू नका’ एवढंच उरतं. पैसा कसा अडकतो, हे पूर्ण वाचल्यावरच कळतं.

आता आपल्या मातीतलं. रा. रं. बोराडे सर आपल्याच शहरात राहायचे, २०२५ मध्ये गेले. त्यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. म्हणाल, जुनी आहे. पण लहान धंदेवाल्यासाठी मराठीत यापेक्षा जवळचं पुस्तक मला माहीत नाही. गंगाराम हा खेड्यातला शिंपी. हातात कला, स्वभावाने मानी. गावातल्या वजनदार माणसाशी वाकडं येतं आणि घराची वाताहत होते. हे सगळं सांगते कोण? त्याची बायको पार्वती, मराठवाडी बोलीत. धंदा नवऱ्याचा, पण त्याची झळ कुणाला बसते ते ती सांगते. पाच-पन्नास ओळखीच्या गिऱ्हाइकांवर ज्याचं पोट आहे, त्याने ही कादंबरी वाचलीच पाहिजे. मी वाचली आणि बायकोची माफी मागितली.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याचं शेतकरी घर. तुम्ही म्हणाल, आम्हाला शेती करायची नाही. पण तुमचं गिऱ्हाईक कोण आहे? सिल्लोड, कन्नड, वैजापूरहून येणारा माणूस कापसाचे पैसे आले की खरेदी करतो. त्याच्या घरातला ताण समजला नाही तर तुम्ही उधारीही चुकीच्या माणसाला द्याल आणि नाहीही चुकीच्याच माणसाला म्हणाल.

अलीकडचं हवं असेल तर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस. गाव सोडून शहरात दुकान टाकायला निघालेल्यांनी जरूर वाचावी.

आणि हॉटेल, मेस, टिफिन असं काही डोक्यात असेल तर विठ्ठल कामत यांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’. इडलीपासून पंचतारांकित हॉटेलपर्यंतचा प्रवास आहे, पण मध्ये कर्जाची माती किती खाल्ली तेही आहे. तो भाग गाळून वाचू नका.

“सर, वेळ कुठे आहे?” हा प्रश्न येणारच. चिकलठाण्याहून वाळूजला जाता-येता जालना रोडवर किती वेळ जातो, मोजा. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठी ऑडिओबुकं चांगली वाढली आहेत. दुचाकीवर मात्र इअरफोन नको, बसमध्ये किंवा पॅकिंग करताना ऐका. बोलीभाषेतलं पुस्तक कानाने जास्त सोपं जातं. ऐकायला मिळालं नाही तर औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं आहेतच, नाहीतर वाचनालयाची वर्गणी भरा.

“कादंबरी म्हणजे मनातलंच ना?” असंही विचारतात. हो, गंगाराम मनातला आहे. पण यशाच्या पुस्तकांतली माणसंही निवडलेलीच असतात. जे बुडाले त्यांना कुणी स्टेजवर बोलावत नाही. त्यांची गोष्ट कादंबरीतच सापडते. मी काही असं म्हणत नाही की कादंबरी वाचून जीएसटी भरता येईल. त्यासाठी माझे व्हिडिओ आहेत! पण माणूस ओळखायला ते पुरत नाहीत.

कुठलंही पुस्तक संपलं की वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. पैसा कुठे अडकला? हा माणूस कुणावर फार विसंबला होता? आणि घरातलं कोण आधीच सांगत होतं, ज्याचं त्याने ऐकलं नाही?

मग हेच तीन प्रश्न स्वतःच्या धंद्याला विचारा. तिसऱ्याचं उत्तर स्वतः लिहू नका. घरी विचारा.