आधी दुखणं खरं माना

एन्डोमेट्रिओसिसच्या वेदनांवर 'विजया'चं तेल घ्यावं का, असं बायका आता उघडपणे विचारू लागल्या आहेत. विजया म्हणजे भांग. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याच झाडाच्या गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, पण फुलोरा नसलेली पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली. त्या पानांची आयुर्वेदिक औषधं आपल्याकडे बनतात, ऑनलाइन विकली जातात. माझं मत स्पष्ट आहे. वेदनेने त्रासलेली बाई तेल मागते यात तिची चूक नाही. पुरेशा पुराव्याशिवाय ते तिला विकलं जातं, ही चूक आहे.

एन्डोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटात वाढतात. तिथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी मुली-बायकांना तो आहे. तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात. घरी 'पाळीत दुखायचंच' आणि दवाखान्यात 'लग्न झालं की थांबेल' हेच ऐकायला मिळतं. साध्या सोनोग्राफीत हा आजार दिसेलच असं नाही; रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपतो. पर्समध्ये मेफ्टाल या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी ठेवून ती कॉलेज, नोकरी, घर रेटत राहते. अशी बाई मिळेल तो उपाय करून पाहणारच.

ऑस्ट्रेलियात हे मोजलं गेलं. वेस्टर्न सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांच्या पाहणीत एन्डोमेट्रिओसिस असलेल्या ४८४ जणी होत्या; त्यांपैकी ज्या स्वतःच काही ना काही उपाय करत होत्या, त्यांतल्या १३ टक्के जणी त्रासासाठी गांजा वापरत होत्या. आरामाला त्यांनी दहापैकी सरासरी ७.६ गुण दिले. निम्म्याहून अधिक जणींची इतर औषधं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. यात तथ्य असू शकतं. गांजातले घटक ज्या ग्राहींवर काम करतात, ते मज्जारज्जूत आणि गर्भाशयातही असतात.

पण हा अनुभव झाला, चाचणी नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१९ मध्येच सांगितलं की दीर्घकालीन वेदनांसाठी गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी देऊ नये आणि नशा न आणणारं सीबीडी फक्त चाचणीचा भाग म्हणून द्यावं. गुंगी, चक्कर, घबराट, सवय लागणं हे धोके आहेत. गर्भारपणातल्या वापराचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. एन्डोमेट्रिओसिसच्या अनेक रुग्ण दिवस राहण्यासाठी उपचार घेत असतात, त्यांना हे कोण सांगणार?

आपल्या औषध नियमांत भांग ई-१ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या, ही सूचना बाटलीवर छापावी लागते. पण छापील सूचना म्हणजे देखरेख नव्हे. आयुष मंत्रालय आणि आयसीएमआर यांनी भारतीय रुग्णांवर नीट चाचणी घ्यावी, आणि तोवर 'पाळीच्या वेदनांवर उपाय' ही जाहिरात थांबवावी.

मैत्रिणींनो, तेल घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांपासून लपवू नका, चालू औषधं मनाने बंद करू नका, मूल हवं असेल तर घेऊच नका. आणि आयांनो, दर महिन्याला मुलगी अंथरुणाला खिळत असेल, शाळा बुडत असेल, तर तिला सहन करायला शिकवू नका. तिला डॉक्टरांकडे न्या. एकाने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे न्या.