मांत्रिकाची पाळी कधी येणार?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझी पुतणी आमच्या जेवणाच्या टेबलावरून उठली आणि पुढचे दोन रविवार आलीच नाही. भांडण झाले नव्हते, आवाजही चढला नव्हता. तिने आपली वही मिटली, पेन्सिल दप्तरात टाकली आणि म्हणाली, "काका, मी नसले तरी तुमचं चालतंय की. मग मी अभ्यास तरी करते." चौदा वर्षांची मुलगी आपण होऊन अभ्यासाला निघाली की मोठ्यांनी समजावे, आपले काहीतरी चुकले आहे.

टेबलावर चालला होता 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. यात पट लागतोच असे नाही, सोंगट्याही लागत नाहीत. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जमले की फसले हे फासे ठरवतात. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत शिकत असताना हा खेळ शिकला आणि परतताना पुस्तकांचे एक खोके घेऊन आला. ती पुस्तके दहा वर्षे माळ्यावर होती. मुले मोठी झाली तेव्हा खाली आली आणि सूत्रधारकी माझ्या गळ्यात पडली.

पुतणीचे पात्र मांत्रिकाचे. या खेळातला मांत्रिक मोठा कष्टाळू. रोज सकाळी पोथी उघडायची, आज कोणते मंत्र लागतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढेच तयार करायचे. एकदा म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. ही कल्पना मुळात जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातली. पाचव्या पायरीवरच्या मांत्रिकाला 'फायरबॉल', म्हणजे फुटणारा अग्निगोळा, दिवसातून एकदा, फार तर दोनदा टाकता येतो. तो कधी टाकायचा यातच सारी गंमत.

माझ्या मुलाचे पात्र 'सायॉन', म्हणजे मनाच्या बळावर चमत्कार करणारा. त्याला पोथी नाही, सकाळची तयारी नाही. त्याच्या गाठीला पॉइंट असतात, पाचव्या पायरीला मूळचे पंचवीस. ते हवे तसे, हवे तेव्हा खर्चावे. 'एनर्जी रे' या साध्या शक्तीला एक पॉइंट घातला की एका फाशाचे दान. आणखी एक घातला की आणखी एक फासा.

त्या रविवारी गुहेतून ट्रोल नावाचा राक्षस बाहेर आला. त्याच्यात साधारण त्रेसष्ट गुणांचे प्राण. मुलाची पाळी आधी आली. तो म्हणाला, "बाबा, पंचवीसच्या पंचवीस." घरातले सगळे फासे गोळा झाले, ल्यूडोच्या डब्यातलेसुद्धा. पंचवीस फाशांची सरासरीच सत्त्याऐंशीच्या आसपास. ट्रोल उभा राहिला आणि आडवा झाला. मुलाने टाळ्या पिटल्या, मीही हसलो. पुतणीचा सकाळपासून जपलेला अग्निगोळा तसाच राहिला. लागोपाठ तिसऱ्या रविवारी.

ती गेल्यावर रात्री मी सायॉनचे पुस्तक उघडले; २००४ सालचे 'एक्स्पान्डेड सायॉनिक्स हॅन्डबुक'. तिथे स्वच्छ लिहिले होते की एका वेळी, एका शक्तीवर, आपण ज्या पायरीवर आहोत त्यापेक्षा जास्त पॉइंट घालता येत नाहीत. पाचवी पायरी, तर पाच पॉइंट. म्हणजे पाच फासे. आणि पाचव्या पायरीवरचा मांत्रिकाचा अग्निगोळा किती फाशांचा? पाचच! बनवणाऱ्यांनी तराजू नीट धरला होता, एक ओळ न वाचता पारड्यात अंगठा मीच ठेवला होता.

हिशेब पुढे नेला तर तो आणखी रंजक आहे. दहाव्या पायरीला मांत्रिकाचा अग्निगोळा आपोआप दहा फाशांचा होतो, तयारी मात्र पूर्वीइतकीच. सायॉनला दहा फाशांसाठी रोख दहा पॉइंट मोजावे लागतात. मांत्रिकाला सापडेल तो मंत्र पोथीत उतरवून घेता येतो. सायॉनला पाचव्या पायरीपर्यंत मोजून अकरा शक्ती मिळतात. एकाला हवे ते हवे तेव्हा, पण थोडक्यातून. दुसऱ्याला निवड उदंड, पण आधी ठरवून. बटव्यातले सुटे पैसे आणि महिन्याचे भरलेले वाणसामान यांत जो फरक, तोच हा.

हा तोल साधायला खेळ बनवणाऱ्यांनाही वेळ लागला. १९७६ सालच्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणीतून मनःशक्ती खेळात आली. १९७८ च्या नियमांत ती कष्टाने मिळत नसे. क्वचित पडणारे दान पडले तर पात्र जन्मतःच भाग्यवान, नाहीतर नाही. मनामनांच्या लढाईला नियमही वेगळे, त्यामुळे ज्यांच्याकडे ही शक्ती नाही त्यांनी बघत बसायचे. १९९१ साली सायॉनिसिस्ट हा स्वतंत्र वर्ग आला आणि त्याच वर्षी 'डार्क सन' नावाचे एक जळके, वाळवंटी जग आले. तिथे मनःशक्ती जवळजवळ प्रत्येकाकडे. आणि जो मांत्रिक मंत्र टाकतो तो भोवतालच्या झाडापेऱ्यातला जीव शोषतो, म्हणून लोक त्याच्यावर उठलेले. तोल आकड्यांनी नव्हे तर जगाच्या घडणीने साधला. मला हा उपाय सर्वांत देखणा वाटतो. अलीकडे पाचव्या आवृत्तीसाठी 'मिस्टिक' नावाचा मनःशक्तीचा वर्ग काही वर्षे चाचणीवर होता. एकटाच सगळ्यांची कामे करतो, असा आक्षेप त्याच्यावर आला आणि तो बाजूला पडला. २०२० साली मनःशक्ती जुन्या वर्गांच्या शाखांमध्ये वाटून देण्यात आली.

मग दोन वेगळे प्रकार हवेतच कशाला, जादू ती जादू, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मंत्राने मिळालेले आणि तपाने मिळालेले यांतला फरक आपल्याला नवा नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धीच्या पाच वाटा सांगितल्या आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. वाटा निराळ्या म्हणून पात्रेही निराळी. पण वाट निराळी असली तरी तिच्यावर जकात नको असे नव्हे. भावाचा आणि माझा वाद इथेच झाला. त्याचे म्हणणे, मनःशक्ती ही जादू नव्हे, तेव्हा जादूपासून वाचवणारे कवच तिला अडवणार नाही. पुस्तकात तो पर्याय आहेही. पण मूळ नियम असा की दोन्ही एकमेकांना लागू, कवच दोघांनाही अडवते. मी मूळ नियमाच्या बाजूचा. शत्रूची सगळी ढाल एकासाठी आणि दुसऱ्याला मात्र मोकळे रान, हे वेगळेपण नव्हे, ही सवलत झाली.

नियम सुधारला तरी एक गोष्ट सुटेना. आमचा खेळ तीन ते सहा. तेवढ्यात लढाई एकच होते, आणि लढाई संपली की मी खेळातला दिवसही संपवत असे. दिवसाला एकच लढाई असेल तर पाच-पाच पॉइंट पाच वेळा उधळायला सायॉनचे काय जाते? उद्या पुन्हा गाठ भरलेलीच! मांत्रिक मात्र एक अग्निगोळा टाकून बारीकसारीक मंत्रांवर येतो. म्हणून आता खेळातला एक दिवस आमचे तीन रविवार चालतो. संध्याकाळी कोण येईल याची शाश्वती नसली की मुलगाही पॉइंट मोजून घालतो. तोल निम्मा पुस्तकात असतो, निम्मा सूत्रधाराच्या हातात.

"खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं?" असे बायको म्हणाली. मीही तसेच म्हटले असते, टेबलावरची ती रिकामी खुर्ची नसती तर. घरातल्या खेळात जिंकणे-हरणे नसते तेव्हा तोल जास्तच जपावा लागतो, कारण इथे गमावण्यासारखे एकच असते: आपली पाळी. दोघांचे फासे सारखे पडावेत असे मी म्हणत नाही. जिच्यासाठी सकाळपासून तयारी केली ती वेळ प्रत्येकाला कधीतरी मिळावी, एवढाच तोल मला कळतो.

तिसऱ्या रविवारी मी भावाकडे गेलो आणि पुतणीपुढे पुस्तकाचे ते पान ठेवले. "चूक माझी होती. तुझी पाळी मी खाल्ली," म्हणालो. तिने पान दोनदा वाचले. मग विचारले, "दादाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"रडला?"

"थोडा."

ती त्या दिवशी आली. अग्निगोळा मात्र टाकला नाही. राखून ठेवला, पुढच्या रविवारसाठी.