लाख वाती आणि उजवा गुडघा



गेल्या आषाढी एकादशीला मी लक्षवातीचा नेम धरला. वाती एक लाख आणि महिने चार. संकल्प सोडताना हिशेब कोण करतं? मी तो आठव्या दिवशी केला. रोजच्या 830 हून जास्त वाती! एका वातीला दहा सेकंद धरले, तरी सव्वादोन तासांची बैठक. तीही मांडी घालून.

महिन्याभरात उजवा गुडघा कुरकुरू लागला. श्रावणातल्या संकष्टीला आम्ही घरच्या बायका कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. यवतमाळहून नागपूरच्या वाटेवरचं हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरूनच देवापुढे जावं लागतं. मी भिंतीला धरून उतरले, आणि वर येताना चक्क धाकट्या जावेनं ओढलं. देवापुढे मागितलं काय, तर गुडघा! नेमाची आठवणही झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, मांडी बंद, खुर्चीवर बसा. शेजारच्या काकू लगेच, "खुर्चीवर बसून वाती? देवाले चालते का वं?" मलाही ते टोचलंच. सासूबाईही तेच म्हणतील असं वाटलं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही मांडी मोडली नाही गं. म्हणून आज न्हाणीघरात जायलासुद्धा तुला हाक मारते."

त्याच दुपारी खुर्ची ओढली.

आता बैठक कशी जमवली ते सांगते. मुलाचा परीक्षेचा जुना पॅड मांडीवर आडवा घ्यायचा. त्यावर वाती छान वळल्या जातात, आणि चिमट्यात मोजणीचा कागद अडकतो. शंभर झाल्या की एक रेघ. बोटांना चिमूटभर राख लावली की कापूस निसटत नाही. आणि बायांनो, आपण कापसाच्या जिल्ह्यातल्या! ओळखीच्या शेतावरून मूठ-दोन मुठी कापूस आणा, सरकी काढा, हातानं पिंजा. औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीपेक्षा माझ्या हाताला तरी हाच सरस वाटतो.

तीन रेघा झाल्या की उठायचंच. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस करायची. न जमल्यास सुरुवातीला टेबल धरा. मग बसल्या बसल्या एक पाय समोर सरळ ताठ करून दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा, मग दुसरा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुडघा सुजला असेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर मात्र हे घरचे प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळी देवळात मी पाच प्रदक्षिणा घालायची, त्या अकरा केल्या. पुण्य किती वाढलं ते देव जाणे, दम मात्र लागेनासा झाला.

कार्तिकी एकादशीला कागद मोजले. 71,400. नेम पुरा झाला नाही, हे खरं. थोडं रडूही आलं. उरलेल्या वाती सासूबाई आणि मी मिळून पुढच्या चातुर्मासात करायच्या ठरवल्या आहेत. त्या पलंगावर, मी खुर्चीवर.

आणि हो, परवा काकू कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तो पोराचा पॅड दोन दिवस देते का वं मले?"