रक्त ‘पातळ’ करण्याआधी दोन प्रश्न

‘रक्त पातळ करणारे औषध’ हा शब्दप्रयोग रुग्णांच्या आणि आपल्याही तोंडी रुळला आहे. वस्तुतः प्रश्न रक्ताच्या दाटपणाचा नसून दोन परस्परविरोधी संदेशांच्या तोलाचा आहे.

प्रोस्टाग्लँडिन कुळातील थ्रॉम्बॉक्सेन ए-२ हे द्रव्य रक्तबिंबिका निर्माण करतात. त्यामुळे बिंबिका एकमेकींना चिकटतात व रक्तवाहिनी आकुंचन पावते. उलट रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातून स्रवणारे प्रोस्टासायक्लिन बिंबिकांना रोखते व वाहिनी प्रसरण पावते. त्याचा शोध १९७६ मध्ये लागला. या क्षेत्रातील कार्याबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोषांच्या साम्यावर आरोग्य अधिष्ठित मानणाऱ्या आणि रक्तस्राव थांबविण्याच्या उपायांत स्कंदनाची गणना करणाऱ्या सुश्रुताच्या वारसांना हा विचार परका वाटू नये.

अल्प मात्रेतील ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती थांबवते. बिंबिकेला केंद्रक नसल्याने ती नवे एन्झाइम घडवू शकत नाही. म्हणून परिणाम तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. अस्तरातील पेशी मात्र ते पुन्हा घडवतात. तोल असा साधला जातो. रोफेकॉक्सिबने तो नेमका उलट बिघडवला: प्रोस्टासायक्लिन घटले, थ्रॉम्बॉक्सेन अबाधित राहिले. हृदयविकाराचा धोका वाढल्याचे दिसताच सप्टेंबर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतात त्यावर बंदी आली.

हा इतिहास नालासोपाऱ्यातील आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. लोकलच्या गर्दीत उभ्याने रोज प्रवास करणारा चाकरमानी कंबरदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा एटोरिकॉक्सिबची पट्टी घेतो. या दोन्हींनी हृदयाची जोखीम वाढू शकते. आयबुप्रोफेन आधी घेतल्यास ॲस्पिरिनचे कार्यही बाधित होते. तोच रुग्ण आपल्याकडे आल्यावर लसूण, हळद वा गुग्गुळाचे कल्प लिहिले जातात. ही द्रव्ये बिंबिकांच्या चिकटण्यावर परिणाम करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण त्यामुळे ती ॲस्पिरिनचा पर्याय ठरत नाहीत. उलट ॲस्पिरिनबरोबर मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तस्रावाची शक्यता ध्यानी घ्यावी लागते.

माझे स्पष्ट मत असे की, स्टेंट बसविलेल्या रुग्णाला ‘आता ॲलोपॅथी बंद करा’ असे सांगणे हा शास्त्राभिमान नव्हे, तो अविचार आहे. त्याचे ॲस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज थांबवू नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही चिठ्ठीवाचून वेदनाशामक देण्याचा मोह टाळावा. प्रत्येक रुग्णाला दोनच प्रश्न विचारावेत: हृदयासाठी कोणती गोळी चालू आहे? आणि नजीकच्या काळात शस्त्रक्रिया अथवा दात काढणे ठरले आहे काय? उत्तरे केसपेपरवर नोंदवावीत. याला खर्च नाही. दोन मिनिटे मात्र लागतात, आणि ती देणे हे आपले कर्तव्य आहे.